खजिनाशोध: आधी वाटा आखा, मग कोडी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीच्या पुरवण्यांत मुलांच्या खेळांची यादी येते. तीत 'ट्रेझर हंट' हमखास असतो आणि तो दोन ओळींत उरकलेला असतो: चिठ्ठ्या लपवा, कोडी घाला, शेवटी बक्षीस ठेवा. एवढ्यावर विसंबून सोसायटीच्या आवारात किंवा वाढदिवसाला खेळ मांडला की काय होते ते पुष्कळ पालकांना ठाऊक आहे. दहा मिनिटांत सातवीतली दोन मुले खजिन्यापाशी पोचतात, बाकीची त्यांच्या मागे पळत सुटतात, सगळ्यांत धाकटे रडकुंडीला येते आणि निम्म्या चिठ्ठ्या कुंडीत तशाच राहतात. मग खापर कोड्यांवर फुटते. फार सोपी होती, किंवा फार अवघड होती. आमच्या मते घोटाळा बहुतेक वेळा वाटांचा असतो. कोणता गट कुठून कुठे जाणार आणि एका जागी कोण कोणाच्या आधी पोचणार, हे कागदावर न मांडताच माणसे यमके जुळवायला बसतात. शिबिरांत आणि सोसायट्यांत मुलांचे खेळ घेणारे आम्ही काही जण याबद्दल जरा सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

आखणी उलटी करायची. आधी खजिन्याची जागा ठरवायची, मग तिथे पाठवणारी चिठ्ठी, मग त्या चिठ्ठीकडे पाठवणारी, असे मागे मागे येत पहिल्या चिठ्ठीशी थांबायचे. कारण साधे आहे. पुढून सुरुवात केली की चांगल्या जागा पहिल्या तीन चिठ्ठ्यांतच संपतात आणि खजिना शेवटी कुठेतरी सोफ्यामागे टाकावा लागतो. जागा ठरल्या की दोन रकाने पाडावेत: 'ही चिठ्ठी कुठे ठेवायची' आणि 'ही चिठ्ठी कुठले वर्णन करते'. हे दोन रकाने नसतील तर माठाचे वर्णन असलेली चिठ्ठी हमखास माठाखालीच ठेवली जाते आणि खेळ दुसऱ्या पावलावर ठप्प होतो. घाईत, मुले दाराबाहेर आरडाओरडा करत असताना चिठ्ठ्या लपवताना भल्याभल्यांचे असे होते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीमागे कोपऱ्यात पेन्सिलीने ठेवायच्या जागेची खूण करून ठेवणे. त्या जागेचे एकच अक्षर पुरते.

दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घरात सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी सहा चिठ्ठ्यांचा एक खेळ कसा बसतो ते पाहा. खजिना चपलांच्या कपाटात. तिथे पाठवणारी सहावी चिठ्ठी मिटलेल्या छत्रीच्या घडीत: 'जोडीने फिरतात गावात, घरी आल्या की थांबतात दारात.' छत्रीकडे पाठवणारी पाचवी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानाला: 'चार महिने भिजते, आठ महिने निजते.' कॅलेंडरकडे पाठवणारी चौथी माठाच्या तिवईखाली: 'बारा पाने, पण झाड नाही, खिळ्याला लटकते, पण फोटो नाही.' माठाकडे पाठवणारी तिसरी कपडे धुण्याच्या मशीनच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेली, आणि ती आकड्यांच्या गुप्त लिपीत आहे, तिच्याबद्दल पुढे. मशीनकडे पाठवणारी दुसरी उशीच्या अभ्र्यात: 'पोटात घेते मळलेले, बाहेर देते पिळलेले.' आणि पहिली हातात द्यायची: 'दिवसभर मी आराम करते, रात्री तुझे डोके धरते.'

यात अवघड चिठ्ठी तिसरी आहे, पहिली नाही. पहिल्या दोन सोप्या ठेवल्या की मुलांना खेळाचा नियम आपोआप कळतो आणि गटाला वेग येतो. पहिलीलाच अडकलेला गट मात्र खेळातून मनाने उठतो, मग पुढे कितीही छान कोडी असोत. शेवटचीही सोपीच असावी, कारण तोवर कोणाचे लक्ष वाचण्यात नसते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना पाच चिठ्ठ्या आणि वीस मिनिटे पुरतात. सात ते नऊ वयाला सहा ते आठ चिठ्ठ्या, दहाच्या पुढच्यांना दहापर्यंत चालतात, पण तासाच्या पुढे खेळ ताणू नये.

प्रत्येक कोड्याला एक कसोटी लावावी: या घरात या वर्णनाच्या किती जागा आहेत? 'जिथे पाणी असते तिथे शोधा' अशी चिठ्ठी लिहिली तर नळ, माठ, बादल्या, फिल्टर, कूलर, मोरी असे निम्मे घर उपसले जाते. उत्तर एकच निघाले पाहिजे. पारंपरिक कोड्यांबद्दल आमचे मत जरा वेगळे आहे. 'पांढरे पातेले, पिवळा भात' ज्याला आजीने घातलेले आहे तो क्षणात अंडे म्हणतो, ज्याने ऐकलेले नाही तो कितीही वेळ बसला तरी अडतो. पाठ असणे आणि नसणे यांच्यामध्ये विचार करायला जागाच राहत नाही. खजिनाशोधाला घरातली वस्तू नीट पाहून सुचणारे उत्तर हवे.

गुप्त लिपीचे खेळ मराठीत सहज होतात, पण इंग्रजी पुस्तकांतली 'ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन' ही युक्ती देवनागरीला तशीच लावली तर मात्रा आणि काने कुठे लिहायचे असा पेच पडतो. त्यापेक्षा वर्णमालेची मांडणीच वापरावी. क, च, ट, त, प हे पाच वर्ग म्हणजे ओळी १ ते ५, आणि प्रत्येक ओळीत पाच अक्षरे. य र ल व श ही सहावी ओळ, ष स ह ळ ही सातवी. पहिला आकडा ओळीचा, दुसरा ओळीतल्या जागेचा, तिसरा बाराखडीतला: क १, का २, कि ३, की ४, कु ५, कू ६, के ७, कै ८, को ९. मग 'मा' म्हणजे पाचव्या ओळीतले पाचवे अक्षर, त्याला काना, म्हणून ५५२; 'ठ' म्हणजे ३२१. माठ झाला ५५२ ३२१. तसाच जिना २३३ ४५२. जोडाक्षरे आणि अनुस्वार असलेले शब्द टाळावेत. 'पुस्तक' या रीतीने लिहायला गेलात तर चिठ्ठी सोडवणारा आणि लिहिणारा दोघेही अडकतात. आणखी एक खाचखळगा आहे. हल्ली शाळांच्या तक्त्यांत कॅ आणि कॉ असतात, त्यामुळे पुढचे क्रमांक सरकतात. मुलांना 'तुमची बाराखडी आठवा' असे न सांगता आपला तक्ता हाताने लिहून चिठ्ठीसोबत द्यावा.

तक्ता बनवायला वेळ नसेल तर 'च'ची भाषा आहेच. पहिल्या अक्षराच्या जागी च, आणि ते अक्षर शब्दाच्या शेवटी: 'चपाटात क चघ ब' म्हणजे 'कपाटात बघ'. बोलायला ती मुलांना येते, कागदावर वाचताना मात्र मजेशीर अडखळतात.

लिंबाच्या रसाची अदृश्य शाई सगळ्यांना माहीत असते आणि निम्म्या वेळा फसते. रस पाण्याने फार पातळ केला की तापवूनही अक्षर उमटत नाही. गुळगुळीत, चकचकीत कागद घेतला की ओली रेघ कोरडी झाल्यावरही तिरप्या उजेडात वाचता येते. साधा झेरॉक्सचा कागद, कापूस गुंडाळलेली काडी, अक्षरे मोठी, आणि लिहून झाल्यावर पूर्ण वाळू द्यायचे. तापवल्यावर रसाचा भाग कागदाच्या आधी करपतो, म्हणून अक्षर तपकिरी दिसते. तापवणे इस्त्रीने, वाफ बंद ठेवून, आणि इस्त्री मोठ्या माणसाच्या हातात. मेणबत्तीवर कागद धरू देऊ नये. पेटतो, आणि पेटलेला कागद मूल हातातून झटकते तो पडद्यावर. लहान मुलांसाठी याहून बरी रीत म्हणजे पांढऱ्या मेणाच्या खडूने लिहून वरून पातळ जलरंगाचा ब्रश फिरवणे. मेणावर पाणी ठरत नाही, अक्षर कोरे उठून दिसते, आणि तापवायचे काहीच नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने लिहिले की अक्षर लालसर उमटते, तीही मुलांना जादू वाटते. कुंकू हळद आणि चुन्यातून होते म्हणून कोणी इथे खायचा चुना काढेल; तो काढू नये. ट्यूब दाबताना चुना उडून मुलांच्या डोळ्यांत जातो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा, वाटांचा. गट तीन-चार मुलांचाच करावा. पाचवे मूल गटात आले की ते फक्त मागे चालते. चिठ्ठी वाचणारे मूल प्रत्येक चिठ्ठीला बदलायचे, हा नियम खेळ सुरू होण्याआधी दोनदा सांगावा, नाहीतर आवाज मोठा असलेले एकच मूल शेवटपर्यंत वाचते. वये मिसळावीत, मोठी मुले एका गटात आणि लहान दुसऱ्यात अशी विभागणी केली की निकाल आधीच लागलेला असतो.

सोळा मुले, चार गट, चार जागा असे धरा. सगळ्यांना एकाच क्रमाने पाठवले तर पुढचा गट मागच्यांना वाट दाखवतो. बरेच जण मग क्रम एकेक घर पुढे सरकवतात: पहिला गट १-२-३-४, दुसरा २-३-४-१, तिसरा ३-४-१-२. पाहायला ठीक, पण यात दोननंतर प्रत्येकाला तीनकडेच जायचे असते. म्हणजे तुमच्या पुढचा गट जिथे पळाला तिथेच तुम्हीही पळायचे, कोडे वाचायची गरजच नाही. आम्ही वापरतो ती रचना अशी. लाल गट १-२-३-४, निळा २-४-१-३, हिरवा ३-१-४-२, पिवळा ४-३-२-१. तपासून पाहा: एका वेळी एका जागी दोन गटांची पाळी येत नाही, आणि कुठल्याही जागेवरून दोन गट एकाच पुढच्या जागेकडे जात नाहीत. शेजारच्या गटाच्या मागे धावून काहीच हाती लागत नाही, हे मुलांना दुसऱ्या चिठ्ठीपर्यंत उमगते आणि मग ती आपापल्या कागदात डोके घालतात. तीनच गट असतील तर एक रंग गाळावा. सहा गट असतील तर सहा जागा घ्याव्यात आणि गटाचा क्रमांक पुन्हा पुन्हा मिळवत जावे, बेरीज सातच्या वर गेली की सात वजा करावेत. दुसऱ्या गटाचा क्रम होतो २-४-६-१-३-५, तिसऱ्याचा ३-६-२-५-१-४. पाच गटांनाही हाच तक्ता चालतो. प्रत्यक्षात गट मागेपुढे होतात आणि कधीतरी दोन एका जागी भेटतातच, पण गर्दी होत नाही.

चार गटांना चिठ्ठ्या लागतात वीस: सुरुवातीला हातात द्यायच्या चार, आणि चार जागी प्रत्येकी चार रंगांच्या सोळा. रंगीत कागद मिळाले नाहीत तर पांढऱ्यावर स्केचपेनने जाड पट्टी ओढावी. दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही, हा नियम मोडणाऱ्या गटाला दोन मिनिटे थांबवावे. हे कठोर वाटते, पण एकाने दुसऱ्याची चिठ्ठी खिशात घातली की एका गटाचा सगळा खेळ बुडतो.

शेवटी शर्यत होऊ नये म्हणून आम्ही चिठ्ठ्यांवर कोपऱ्यात एकेक अक्षर लिहितो: जागा १ वर 'लिं', २ वर 'क', ३ वर 'ब', ४ वर 'डु'. चारही जागा झाल्या की 'कडुलिंब' जुळवायचा आणि त्या झाडापाशी जमायचे. वाटा वेगळ्या असल्याने प्रत्येकाकडे अक्षरे वेगळ्या क्रमाने येतात, त्यामुळे कोणी कोणाचे ऐकून फायदा नाही. दोन अक्षरांवरून ओळखता येईल असे झाड मात्र निवडू नये, आणि आवारात ते झाड एकच असावे. झाडाखाली पेटी, पेटीला चार आकडी नंबरचे कुलूप, आणि प्रत्येक गटाच्या शेवटच्या चिठ्ठीत एकच आकडा. चौघे आल्याशिवाय पेटी उघडत नाही, म्हणून पहिला आलेला गट उरलेल्यांना हाका मारतो. इथे एक पळवाट आहे आणि मोठी मुले ती शोधतातच: तीन आकडे कळले की चौथ्याचे दहाच पर्याय उरतात, ते अर्ध्या मिनिटात फिरवून होतात. म्हणून पेटी मोठ्या माणसाच्या हाती ठेवावी आणि चारही रंग दिसल्यावरच कुलपाला हात लावू द्यावा.

अडलेल्या गटाला मदत कधी करायची हे आधी ठरवलेले बरे, नाहीतर ज्यांचे पालक जवळ उभे असतात त्यांनाच ती मिळते. तीन मिनिटे झाली की पहिली खूण, पाच झाली की दुसरी, सात झाली की सरळ उत्तर. या खुणा आधीच लिहून संयोजकाच्या पाकिटात ठेवाव्यात. जागेवर सुचेल ते सांगायला गेले की एका गटाला जास्त कळते आणि लगेच 'त्यांना का सांगितलं' सुरू होते.

कागद-शाईचीही एक गोष्ट. उघड्यावरच्या खेळाला जेल पेन वापरू नये, दवाने किंवा घामट हाताने ते फिसकटते. साधे बॉलपेन किंवा पेन्सिल टिकते. इंकजेट प्रिंटरवरचे अक्षर ओले झाले की पसरते, लेझरचे पसरत नाही. पावसाळ्यात चिठ्ठी झिपच्या पिशवीत घालावी आणि पिशवीचे तोंड खाली करून टांगावी, वर तोंड ठेवले की आत पाणी साठते. घरात भिंतीला साधी चिकटपट्टी लावली तर रंगाचे पापुद्रे निघतात. मास्किंग टेप घ्यावी. बाहेरच्या धुळीच्या भिंतीला ती तग धरत नाही, तिथे सुतळी.

घरातल्या वर्ज्य जागांची यादी मोठी आहे, पण सूत्र एक: मूल जमिनीवर उभे राहून, काही न ओढता, जिथे हात पोचवू शकते तेवढीच उंची. पाच वर्षांच्या मुलासाठी ती साधारण एक मीटर. त्यावर चिठ्ठी ठेवली की खुर्ची येते, नाहीतर कपाटाचे खण उघडून त्यावर पाय ठेवले जातात आणि कपाट अंगावर येते. गॅसचा ओटा, औषधांचा कप्पा, देवघर, टीव्हीच्या मागच्या वायरी, बाल्कनीचा कठडा, झाकणाचा दिवाण हे सारे वगळावे. वर मशीनला चिठ्ठी बाहेरून चिकटवायला सांगितले ते मुद्दाम. ड्रममध्ये ठेवली तर कोणीतरी आत शिरतेच. प्लग काढून ठेवावा. सुरुवातीलाच 'आज या तीन खोल्याच, आणि बंद दार उघडायचे नाही' एवढे जाहीर केले की घरही वाचते.

आवारात खेळ असेल तर आदल्या दिवशी एकदा मुलांच्या उंचीवरून फिरून पाहावे. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण, मीटरची खोली, जनरेटर, पार्किंगमधून मागे येणाऱ्या गाड्या, ही चार ठिकाणे खेळाच्या हद्दीबाहेर. हद्द तोंडी सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही, रंगीत फीत बांधावी किंवा रांगोळीची जाड रेघ ओढावी. लिफ्ट पूर्ण बंद. तीन शिट्ट्या म्हणजे जिथे असाल तिथून परत, हे एकदा खोटे खोटे करून घ्यावे. आठ वर्षांखालील प्रत्येक गटासोबत एक मोठे माणूस हवे. मोठ्या मुलांच्या गटासोबत मोठे माणूस नको, ते फाटकापाशी आणि जिन्यापाशी हवे. चिठ्ठ्या ठेवल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींना आणि वॉचमनना जागा दाखवून ठेवाव्यात. त्यांना सांगितले नाही तर पहिल्या फेरीच्या आतच चिठ्ठ्या कचऱ्यात जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. तासाभराच्या आत ठेवणे उत्तम. प्रत्येक जागेचा फोटो मोबाइलवर असावा आणि चिठ्ठ्यांचा दुसरा संच खिशात.

कोकणात, घाटमाथ्यावर किंवा शहराबाहेरच्या फार्महाउसवर खेळ घेणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे की दगडाखाली, बिळाच्या तोंडाशी, विटांच्या ढिगात किंवा पाल्याखाली काही लपवू नका. फुरसे आणि विंचू नेमके तिथेच असतात, आणि खजिना शोधणारे मूल आधी हात घालते, नंतर पाहते. चिठ्ठ्या डोळ्यांच्या उंचीला फांदीवर लोंबकळत्या ठेवा आणि लपवण्याऐवजी रंगाने दडवा: हिरव्या पानांत हिरवी दोरी, खोडावर तपकिरी पाकीट. पावसाळ्यानंतर शेंगा वाळलेल्या खाजकुयलीचा वेल, गाजर गवताचा पट्टा आणि वर पोळे असलेले झाड आधीच पाहून ठेवावे. माथेरान, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी माकडांना प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाऊचीच वाटते, तिथे कागदी पाकीट बरे. मे महिन्यात खेळ सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर. खजिन्यात चॉकलेट नको, ते साधारण ३४ अंशांना वितळते आणि उरलेल्याला मुंग्या लागतात. चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू टिकतात. मुलांत चार वर्षांखालचे कोणी असेल तर अख्खे शेंगदाणे आणि गोळ्याही नकोत, घशात अडकतात.

'उत्तरेकडे दहा पावले' ही चिठ्ठी ऐकायला खास, पण पावले कोणाची? सहा वर्षांच्या मुलाचे पाऊल आणि दादाचे पाऊल यांत दहा पावलांत दोन-तीन मीटरचा फरक पडतो. मीटरमीटरवर गाठी मारलेली सुतळी द्यावी आणि 'दहा गाठी' म्हणावे. होकायंत्र वापरायचे तर मोटारी, लोखंडी फाटक आणि स्लॅब यांपासून दूर उभे करावे, काटा तिथे भरकटतो. काटा नीट असला तरी वीस मीटरवर दहा अंशांची चूक साडेतीन मीटर बाजूला नेते, म्हणून दिशेच्या चिठ्ठीच्या शेवटी एक ठळक खूण हवी: पांढरा चुना लावलेले झाड, पायरी, नळ. स्काउट-गाइडमध्ये शिकवतात त्या जमिनीवरच्या वाटखुणा याहून सोप्या जातात. काड्यांचा बाण म्हणजे इकडे, फुली म्हणजे इकडे नाही, वर्तुळात टिंब म्हणजे मी घरी गेलो. वाचता न येणाऱ्या मुलांचा गट यावर पूर्ण खेळ खेळू शकतो. त्यांना घरात खेळवायचे तर वस्तूचा अगदी जवळून काढलेला फोटो द्यावा: मिक्सरचे बटण, पायपुसण्याचा कोपरा. परदेशातल्या मराठी शाळांत बोलायला सफाईदार पण देवनागरी सावकाश वाचणारी मुले असतात. त्यांना सहा-सात शब्दांच्या चिठ्ठ्या द्याव्यात, जोडाक्षरे कमीत कमी.

मोबाइलवरच्या खजिनाशोधाची हल्ली बरीच चौकशी होते. डबा लपवून दुसऱ्यांनी शोधण्याचा छंद जुना आहे, इंग्लंडच्या डार्टमूरच्या माळावर तो १८५४ पासून सांगितला जातो. उपग्रहाच्या मदतीने तो मे २००० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सुरू झाला, तोही नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकी सरकारने काढून टाकल्यावर लगेच. पण फोनचे स्थान मोकळ्या मैदानात पाचेक मीटरच्या आत असते आणि उंच इमारतींमध्ये त्याहून कितीतरी चुकते. शिवाय फोन एकाच मुलाच्या हातात राहतो, बाकीची त्याच्या खांद्यावरून पाहतात. आम्ही तो टाळतो. कोणाला वापरायचाच असेल तर एवढे लक्षात ठेवावे की रेल्वे स्थानक, बसथांबा, मॉल, देऊळ अशा ठिकाणी कुलूपबंद डबा ठेवणे म्हणजे बेवारस वस्तू ठेवणे आहे, आणि पोलिसांनी तो तसाच हाताळला तर त्यांचे चुकत नाही. महापालिकेच्या बागेतही उद्यान अधीक्षकांना विचारून, डब्यावर 'मुलांच्या खेळाचे साहित्य' असे लिहूनच ठेवावा.

किल्ले आणि वाडे यांच्याबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. तिथे काहीही लपवायचे नाही, चिकटवायचे नाही, खडूने खूण करायची नाही. संरक्षित स्मारकांना केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा लागू आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी शंभर मुलांनी तटबंदीच्या फटींत बोटे घालणे बरे नाही. तिथला खेळ पाहण्याचा असावा. शनिवारवाड्याला पाच दरवाजे: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ, म्हणजेच नारायण. नकाशा देऊन ते पाचही शोधायला लावावेत आणि प्रत्येकापाशी एक प्रश्न, ज्याचे उत्तर तिथे उभे राहिल्याशिवाय मिळणार नाही: दिल्ली दरवाजाच्या एका आडव्या ओळीत खिळे किती, या दरवाजातून हत्ती जाईल का, नसेल तर का नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, तेव्हा पुढच्या काही वर्षांत शाळांच्या सहली तिकडे वाढतील असे दिसते. दारावरचे शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), चौकटीवरची कमळे, चुन्याच्या घाण्याची चाकोरी, धान्यकोठाराचे हवेचे झरोके, अशी दहा गोष्टींची शोधयादी एका पानात बसते. पाण्याची टाकी यादीत घालायची असेल तर 'लांबून मोजा' असे स्पष्ट लिहावे, काठावर शेवाळ असते.

खेळ संपल्यावर चिठ्ठ्या मोजून घ्याव्यात. वीस ठेवल्या तर वीस परत आल्या पाहिजेत, सुतळी आणि टेपसकट. दोन कमी भरल्या की त्या कोणत्या हे फोटोंवरून लगेच कळते, आणि कोणत्या जागा मुलांना सापडल्याच नाहीत हेही.

पुढच्या सुट्टीच्या पुरवणीत या खेळाला जागा दिलीत तर कोड्यांच्या नमुन्यांसोबत वाटांचा तक्ताही छापावा ही विनंती. वर दिलेले चार रंगांचे चार क्रम तसेच उचलायला आमची काही हरकत नाही.

आपले,
मुलांची शिबिरे व खेळ घेणारे काही कार्यकर्ते, पुणे